मद्रासचे इंधनघट

1 डिसेंबर 2015 च्या त्या पावसात चेन्नईच्या वेळचेरीतल्या आमच्या इमारतीचा जनरेटर सगळ्यात आधी बुडाला, कारण तो तळघरातल्या पार्किंगमध्ये होता. "करंट इल्लै," म्हणजे वीज नाही, असं वॉचमन अण्णा जिन्यातून सांगत होते. मी मूळचा सांगलीचा, रसायनशास्त्राचा माणूस. मेणबत्तीशेजारी बसून मला राहून राहून एकच वाटत होतं. धूर नाही, धडधड नाही, उंचावर बसवता येईल असं वीजयंत्र याच शहरात कितीतरी वर्षं बनतंय!

हे यंत्र म्हणजे इंधनघट. त्याचं तत्त्व विल्यम ग्रोव्हनं 1839 च्या सुमारास दाखवलं होतं. चेन्नईत हे काम 1990 च्या दशकात स्पिक सायन्स फाउंडेशनमध्ये सुरू झालं. पुढे डॉ. के. एस. दत्तात्रेयन यांच्या नेतृत्वाखाली एआरसीआय या संशोधन संस्थेचं इंधनघट केंद्र मेडवाक्कमला उभं राहिलं आणि नंतर तरमणीच्या आयआयटी मद्रास रिसर्च पार्कात गेलं.

या घटाची एक प्लेट मी हातात घेऊन पाहिली आहे. काळं ग्रॅफाइट, त्यावर कोरलेल्या नागमोडी खाचा. एका बाजूच्या खाचांतून हायड्रोजन जातो, दुसऱ्या बाजूनं हवा. मध्ये कागदाएवढा पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा काळा लेप. भार पडला की असा एक घट 0.6 ते 0.7 व्होल्ट देतो, म्हणून पुष्कळ घट एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळायचे. चालू झाला की नळीतून थेंब थेंब पाणी येतं. ते पाणी बघताना मला आजही भरून येतं.

2019 मध्ये पुण्याची एनसीएल आणि कारैकुडीची सेक्री या प्रयोगशाळा व थरमॅक्स ही कंपनी यांचा हात लागलेला 5 किलोवॅटचा देशी संच राष्ट्रपतींच्या हस्ते सादर झाला. 2020 मध्ये एआरसीआयनं तमिळनाडूच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी चेन्नईत 10 किलोवॅटचा संच बसवण्याची योजना जाहीर केली. पुरानंतर मला हवं होतं ते नेमकं हेच.

मग घराघरांत तो का नाही? प्लॅटिनम महाग आहे, हे खरंच. पण माझ्या मते खरी अडचण सिलिंडरची आहे. 10 किलोवॅटच्या संचाला तासाला साधारण 0.6 किलो हायड्रोजन लागतो, आणि पन्नासेक किलो वजनाच्या एका पोलादी सिलिंडरात मावतो जेमतेम तेवढाच. म्हणजे रात्रभराच्या विजेसाठी दहा-बारा सिलिंडर, आणि तेही रस्ते पाण्याखाली असताना. सिलिंडरांची ही सोय प्रयोगशाळेत होत नाही, ती शहरानं करायची असते.

चेन्नईतल्याच पेरांबूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीत जुलै 2025 मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या डब्याची चाचणी यशस्वी झाली. रेल्वेसाठी हायड्रोजनची सोय होणारच असेल, तर शहरातल्या इस्पितळांसाठीही साठे करा. आणि ते तळघरात नकोत, पाण्याच्या पातळीच्या वर, मोकळ्या हवेत करा.