वळतं न होणारा पैसा

बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीजवळ बिंदुसरा धरणाचं पाणी दिसतं. दसरा सरला की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती आणि त्यांवर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याच्या नावानं मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची. अंग दुखलं म्हणून दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब होतो आणि त्यात एक शब्द सारखा कानावर येतो: वळतं करून घेतलं.

समजा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना एका बाईचा पाय घसरला, मणक्याला मार बसला आणि कामगार भरपाईच्या कायद्याखाली तिला रक्कम मंजूर झाली. ती उचलीत वळती करता येईल का? कायदा म्हणतो, नाही. हे ‘नाही’ फार लांबून आलं आहे.

व्यापारी बुडाला की भर दिवसा दुकानात दिवा लावून बसायचा, त्यावरून ‘दिवाळं’ शब्द आला, असं सांगतात. दिवा दिसला की धनको जमायचे आणि असेल ते वाटून घ्यायचे. कचेरीतला शब्द फारसी आहे, नादार: ज्याच्याजवळ नाही तो. पण ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळही शरीर असतं. ते दुसऱ्याच्या चुकीनं मोडलं आणि त्याचे पैसे यायचे असले, तर ते त्याचे की धनकोंचे?

हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायाधीशांनी 1849 साली बेकहॅम विरुद्ध ड्रेक या खटल्यात हाताळला. खटला दुखापतीचा नव्हताच. नोकरी गेलेला एक माणूस पुढे दिवाळखोर झाला होता आणि करारभंगाची भरपाई कोणाला मिळावी, असा वाद होता. ती धनकोंच्या बाजूला गेली. पण तिथेच एक रेघ आखली गेली: देह, मन किंवा अब्रू यांना झालेल्या वेदनेवरून जी भरपाई मोजायची, तिचा हक्क दिवाळखोराकडेच राहतो. त्याचं दुखणं धनकोंमध्ये वाटता येत नाही. मला ही रेघ फार मोलाची वाटते.

1897 च्या इंग्लिश कामगार भरपाई कायद्यात ती कलम होऊन बसली. तिथून 1923 च्या आपल्या कायद्यात आली. त्याच्या कलम 9 नं सांगितलं की ही रक्कम गहाण पडत नाही, जप्त होत नाही, कायद्याच्या ओघानं दुसऱ्याकडे जात नाही आणि कुठल्याही येण्यापोटी वळती करता येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

इतर अपघातांच्या दाव्यांना आधार 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा. तिच्या कलम 60 मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. ती वाचताना एखाद्या गरीब घरात शिरल्यासारखं वाटतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मानं बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने म्हणजे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बियाणं. आणि त्याच यादीत, नुकसानीसाठी दावा लावण्याचा नुसता हक्क. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानंही हीच यादी मानली. जे जप्त होत नाही ते नादाराच्या वाटायच्या मालमत्तेत धरायचं नाही.

खाचखळगा ‘नुसता’ या शब्दात आहे. दावा निकाली निघून रक्कम ठरली की तो नुसता हक्क राहत नाही, ते येणं होतं, आणि येण्यावर धनकोचा हात पोचू शकतो. म्हणून रस्ते अपघातांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानं अशिक्षित दावेदारांची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायला आणि तिच्यावर कर्ज किंवा उचल न द्यायला सांगितलं. कामगार भरपाईत तर मृत्यूची रक्कम, आणि बाईला मिळणारी एकरकमी भरपाई, सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर हातावर टेकवलेली चालत नाही. तिच्या हाताआधी वहीवाल्याचा हात पोचू नये, यासाठी ही वाट मला योग्यच वाटते.

कठीण जातं ते त्याआधीचं, भरपाई मंजूर होणं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. कायदा आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्या मूळ मालकालाही जबाबदार धरतो, पण तिथवर पोचायला दवाखान्याचा कागद लागतो, टोळीत नाव होतं याचा पुरावा लागतो, आणि बहुतेक वेळा पुरावा एकच असतो: मुकादमाची ती वही.

त्या वहीत तिच्या नावापुढे उचलीचा आकडा आहे, खाड्याचे दिवसही आहेत. ज्या दिवशी पाय घसरला, तो दिवस खाडा म्हणूनच लिहिलेला असेल. तिच्या दाव्यात तारखेचा पुरावा तोच.