दोघांच्या भरवशावरचे तारू

व्यापारी गलबतांच्या जमान्यात कप्तानाची पत्नी वर्षानुवर्षे दर्यावर राही, क्वचित तिथेच प्रसूतही होई. तथापि जहाजाच्या दप्तरी खलाशी म्हणून तिची नोंद सहसा होत नसे. सुकाणूचा पहारा तिच्या वाट्याला आला तो पतिपत्नी लहानशा नौकेतून महासागर ओलांडू लागली तेव्हा, आणि तोही पुष्कळदा हौसेपेक्षा गरजेपोटी.

१८७७ च्या मे महिन्यात अमेरिकेतील न्यू बेडफर्ड बंदरातून थॉमस क्रेपो आपली पत्नी जोआना हिच्यासह जेमतेम वीस फुटी होडीतून निघाला व जुलैत इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागला. हेतू रोकडा होता. कीर्ती मिळवावी आणि तिच्यावर चार पैसे गाठीस बांधावेत. पुढे कप्तान जोशुआ स्लोकमचे जहाज ब्राझीलच्या वाळूवर निकामी झाले तेव्हा त्याने तिथेच पस्तीस फुटी नाव बांधली. १३ मे १८८८ रोजी, तिथल्या गुलामांच्या मुक्तीच्या दिवशीच ती पाण्यात लोटली गेली म्हणून तिचे नाव ‘लिबरदाद’, म्हणजे स्वातंत्र्य, ठेवले. शिडे शिवली त्याच्या पत्नीने, हेटीने. तिच्यासह दोन मुलांना घेऊन तो अमेरिकेस पोहोचला. पण हेटीने पुन्हा त्याच्यासोबत सफर केली नाही, आणि पुढे जगप्रदक्षिणेचा मान त्याला एकट्यालाच मिळाला. तिच्या निर्णयात मला तरी भित्रेपणा दिसत नाही.

दोघांच्या नौकेत एक निजला की दुसरा एकटाच तांडेल आणि एकटाच खलाशी. पहारे वाटून घेतल्यावर नवराबायकोचा निवांत सहवास फार थोडा उरतो. एरिक आणि सुसान हिस्कॉक यांनी १९५२ ते १९५५ या काळात तीस फुटी ‘वाँडरर तिसरी’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती याच शिस्तीवर.

पण या शिस्तीची खरी कसोटी पाहावी ती स्मीटन दांपत्याच्या सफरीत. माइल्स स्मीटन हा हिंदुस्थानी फौजेतील घोडदळाचा अंमलदार. बेरिल ही एकटीने देशोदेशी भटकलेली बाई. निवृत्तीनंतर कॅनडात स्थायिक झाल्यावर, विलायतेतून पैसा बाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध असल्यामुळे, तो नौकेच्या रूपाने न्यावा या व्यवहारी विचाराने दोघांनी हाँगकाँगला बांधलेली ‘त्झू हांग’ खरेदी केली; नौकानयनाचे ज्ञान मात्र बेताचेच होते. १९५६ च्या डिसेंबरात जॉन गझवेल या तरुणासह त्यांनी मेलबर्न सोडले. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी, दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील केप हॉर्नच्या वाटेवर, बेरिल सुकाणूवर असताना मागून आलेल्या एका लाटेने नौका नाळेवरून उलथून टाकली. कमरेचा दोर तुटून बेरिल समुद्रात फेकली गेली. वर आली तेव्हा नौकेच्या दोन्ही डोलकाठ्या नाहीशा झालेल्या आणि आत पाणीच पाणी. जखमी अवस्थेत पोहत येऊन ती वर चढली व लागलीच बादल्यांनी पाणी उपसावयास लागली. गझवेल हाडाचा सुतार. त्याने भगदाडे बुजवली, मिळेल त्या लाकडाची कामचलाऊ डोलकाठी उभारली, आणि तिघे चिलीच्या किनाऱ्यास पोहोचले.

डागडुजी होताच त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा हॉर्नकडे निघाली ती पतिपत्नी दोघेच. २६ डिसेंबरला नौका दुसऱ्यांदा उलटली, डोलकाठ्या पुन्हा गेल्या. या वेळी सुतार नव्हता, तरी त्यांनी व्हालपराइसो गाठले. या साऱ्यावर माइल्सने लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘एकदा पुरे’ अशा अर्थाचे आहे. परंतु १९६८ साली, एका तरुण सोबत्यास बरोबर घेऊन, याच नौकेतून त्यांनी केप हॉर्नला वळसा घातलाच.