कुंपणाआतली पहाट

आपली सोसायटी रजिस्टर झाली २००० साली. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडात एक कुंपण उघडलं, त्याची ही हकीकत.

स्टोनहेंज म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेलं प्रचंड शिळांचं वर्तुळ. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, २१ जूनच्या सुमारास, मधोमध उभं राहिलं की बाहेरच्या एकट्या शिळेजवळ सूर्य उगवताना दिसतो. बांधणाऱ्यांचा देव कोणता, कुणास ठाऊक! त्यांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. १९७४ पासून तरुण मंडळी तिथे तंबू ठोकून गाण्याबजावण्याची जत्रा भरवू लागली. शिळांना धोका म्हणून १९८५ साली बंदी आली. १ जूनला निघालेला गाड्यांचा ताफा पोलिसांनी अडवला, काचा फोडल्या, बायामाणसांना मारलं, पाचशेहून जास्त जणांना पकडलं. पुढे कित्येक वर्षं त्या पहाटे शिळांभोवती पहाराच. शेवटी बोलणी झाली आणि २००० पासून ती रात्र सर्वांना फुकट खुली झाली.

आता तिथे ड्रुइड पंथाचे लोक येतात, तसे देव न मानणारेही येतात, पोरं खांद्यावर घेऊन. पुष्कळदा ढगच असतात. तरी सगळे पूर्वेकडे तोंड करून थांबतात, उजाडलं की ढोल आणि आरोळ्या.

आपल्या गच्चीला कुलूप का लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. सेक्रेटरीसाहेब, यंदा २१ जूनला साडेपाचला किल्ली द्या. पाऊस असला तरी चालेल. चहा आमच्याकडून.