जहाल आणि मूलगामी : रशियन मूकपटाचा धडा

'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द राजकारणामुळें मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचे आहेत. चित्रपटाच्या चर्चेंत मात्र 'जहाल' हें विशेषण बहुधा विषयापुरतेंच वापरलें जातें. पडद्यावर संप दाखविला, बंड दाखविलें, कीं चित्रपट जहाल ठरतो. परंतु विषय जहाल असूनहि तो सांगण्याची रीत अगदीं जुनी राहूं शकते. उलट, प्रेक्षकाची पाहण्याची सवयच जी कृति मुळापासून हलविते, तिला 'मूलगामी' म्हणणें अधिक योग्य होय. हा भेद समजून घेण्यास १९१९ ते १९२९ या दहा वर्षांतील रशियन मूकपटासारखें दुसरें उदाहरण नाहीं.

२७ ऑगस्ट १९१९ रोजीं लेनिनच्या सरकारनें चित्रपटव्यवसाय राष्ट्राच्या मालकीचा केला. पण मालक बदलल्यानें कोरी फिल्म पैदा होत नाहीं, आणि यादवी युद्धानें ग्रासलेल्या त्या देशांत तिचा विलक्षण तुटवडा होता. मॉस्कोंतील चित्रपटशाळेंत शिकविणाऱ्या लेव्ह कुलेशॉव्हनें या अडचणींतूनच विद्या शोधली. एका नटाचा निर्विकार चेहरा सूपाच्या थाळीपुढें जोडला, तर प्रेक्षकास त्यावर भूक दिसते. तोच चेहरा शवपेटीपुढें जोडला, तर शोक दिसतो. अर्थ एकेका चित्रांत नसून दोन चित्रांच्या जोडणींत असतो, हें सूत्र त्याच्या नांवानें जगभर प्रसिद्ध झालें.

त्या सूत्राला सर्गेई आयझेन्स्टाइननें धार चढविली. १९२५ च्या 'स्ट्राइक'मध्यें त्यानें कामगारांच्या कत्तलींत कसाईखान्यांतील बैलाचा वध मिसळला. २१ डिसेंबर १९२५ रोजीं बोल्शॉय नाट्यगृहांत त्याचा 'बॅटलशिप पोटेम्किन' प्रथम दाखविला गेला. त्याचा विषय १९०५ सालीं नासक्या मांसावरून पेटलेलें खलाशांचें बंड हा होता. ओडेसाच्या पायऱ्यांवर सैनिकांचे बूट एका तालांत उतरतात, लोक सैरावैरा धावतात, बाळाची गाडी घरंगळत जाते. आणि पायऱ्या उतरण्यास लागेल त्याहून कितीतरी अधिक वेळ हें दृश्य चालतें. शेवटीं निजलेला, जागा झालेला आणि उठलेला अशा तीन दगडी सिंहांच्या जोडणीनें दगडच खवळून उठल्याचा भास होतो. ओडेसांत १९०५ सालीं गोळीबार झाला हें खरें. पायऱ्यांवरील ती कत्तल मात्र, जशी पडद्यावर दिसते तशी, चित्रपटानेंच निर्माण केली. ब्रिटनमध्यें या चित्रपटावरील बंदी १९५४ पर्यंत उठली नाहीं.

त्याच १९२५ सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत बाबूराव पेंटर यांनीं 'सावकारी पाश' काढला. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळांत सावकारानें नागविलेला शेतकरी नायक झाला, आणि ती भूमिका शांतारामांनीं केली. हा मूळ मूकपट आज उपलब्ध नाहीं. तरीहि शेतकऱ्याचें दैन्य हा पडद्याचा विषय होऊं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें. जहाल विषयाचें मोल कमी लेखून चालणार नाहीं, तें यासाठींच.

रशियांत मात्र झीगा व्हर्टॉव्हला आयझेन्स्टाइनहि पुरेसा जहाल वाटत नव्हता. रचलेले प्रसंग आणि अभिनय आहेत, तोंवर जुनें नाटकच चालू आहे, असें त्याचें मत. त्याच्या १९२९ च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'ला पटकथा नाहीं, नट नाहींत, मधल्या पाट्याहि नाहींत. कॅमेरावाला पडद्यावर दिसतो, फिल्म कापून जोडणारी, व्हर्टॉव्हची पत्नी एलिझाव्हेता स्विलोव्हा दिसते, प्रेक्षागृहहि दिसतें. आयझेन्स्टाइनचा यावर आक्षेप असा कीं, नुसत्या डोळ्यानें काय होणार? सिनेमाला मूठ हवी. एकास प्रेक्षकाच्या मनावर आघात करावयाचा होता, दुसऱ्यास त्याचे डोळे उघडावयाचे होते.

या वादाचा निकाल दोघांपैकीं कोणींच लावला नाहीं. तो सत्तेनें लावला. १९३४ पासून 'समाजवादी वास्तववाद' हें अधिकृत धोरण झालें, आणि रचनेचे प्रयोग 'रूपवाद' म्हणून गुन्ह्यांत जमा झाले. १९३७ सालीं आयझेन्स्टाइनचा 'बेझिन मेडो' थांबविण्यांत आला आणि त्याला जाहीरपणें चूक कबूल करावी लागली. 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग १९५८ सालीं प्रेक्षकांपुढें आला. त्यापूर्वीं दहा वर्षें आयझेन्स्टाइन निवर्तला होता. व्हर्टॉव्हनें अखेरचीं वर्षें साध्या वार्तापटांच्या कामांत घालविलीं आणि १९५४ सालीं तो वारला. सत्तेला क्रांतीच्या विषयाची भीति नव्हती, तो तर तिला हवाच होता. भीति होती ती स्वतः पाहून स्वतः जोडणी करूं लागणाऱ्या प्रेक्षकाची.

याची दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. तुकड्यांची तीच वेगवान जोडणी पुढें जाहिरातींनीं साबण विकण्यासाठीं उचलली. म्हणजे नुसती रीतहि मूलगामी राहत नाहीं. ती कोणाच्याहि चाकरीस लागते. म्हणून चित्रपट पाहतांना दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत : यांत काय दाखविलें आहे, आणि तें पाहिल्यावर प्रेक्षक विचार करूं लागतो, कीं विचार करण्याचें थांबवितो?