तारलीची खुंटलेली वाढ

तिरुवल्लिकेणीलगतच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडले, तेव्हा मलबारही मद्रास प्रांतातच होते. तेथे तारली एखाद्या वर्षी अमाप मिळे, एखाद्या वर्षी दिसतही नसे. प्रांताच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी नायडूंसह तिचा जीवनक्रम अभ्यासला. तारली पावसाळ्यात अंडी घालते. पिल्लांचे पोषण मोसमी वाऱ्यांनी वर येणाऱ्या पोषकद्रव्यांवर वाढलेल्या प्लवकांवर होते.

केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये जेमतेम साडेतीन हजार. २०२४ चा पावसाळा अनुकूल ठरला, असंख्य पिल्ले जगली. पण अन्न वाटले गेले आणि मासा दहा सेंटिमीटरपाशीच खुंटला, असे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेला आढळले. प्रौढ तारली साधारण पंधरा सेंटिमीटरची! त्यामुळे नुसत्या भरलेल्या जाळ्यावर मी तरी विसंबणार नाही.