मिलोची भाकर

आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तिथं हातोडी बसली होती. नखाचा विषय निघाला की हमखास मिलोवर यायची.

मिलो म्हणजे अमेरिकेहून जहाजानं आलेली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात, हे गावात कुणीतरी सांगितलं आणि घराघरात तोंडं वाकडी झाली. आमची खान्देशी माणसं कळण्याच्या भाकरीवर वाढलेली. ज्वारीत उडीद घालून दळणारी. मिलोच्या पिठाला चिकटाई नाही. आजी आधणाचं पाणी ओतून पीठ मळायची, तरी थापताना कडेनं चिरा पडायच्या. तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. पोरं रुसली की म्हणायची, "भूक लागनी का तेबी गोड लागस." पोरांना कामावर सुकडी मिळायची, ती मात्र कुणी नाकारली नाही.

तिच्या सासूनं छप्पनचा दुष्काळ पाहिलेला. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900. तेव्हाही सरकारनं खडी फोडायला लावलीच होती. पण काम काढायचं की नाही, ते साहेबाच्या मर्जीवर. सासू सांगायची त्यात माणसं गेल्याच्या गोष्टी असत. आजी सांगायची त्यात मुकादम, हजेरीपट आणि रखडलेली मजुरी. मला हा फरक फार मोठा वाटतो. भुकेच्या गोष्टीत मजुरीचं भांडण आलं म्हणजे माणसं जगली होती.

मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. काम देऊन माणसं जगवल्याचा हा दाखला ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी पुढे जगाला दिला. राज्यातले नेते वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडलेली रोजगार हमी 1977 साली कायद्यात आली आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाली. आता काम मागणं हा मजुराचा हक्क झाला. जगाच्या पातळीवर मात्र नुसते ठराव झाले. रोमच्या जागतिक अन्न परिषदेनं 1996 साली ठरवलं, 2015 पर्यंत उपाशी माणसं निम्म्यावर आणायची. ते जमलं नाही. आता भूक पूर्ण संपवायला 2030 ची मुदत आहे. अशा ठरावांत मुदत असते, पण काम नाही मिळालं तर कुणाच्या दारात जायचं, ते नसतं. आमच्या कायद्यात निदान ते होतं. मजुरी वेळेवर मिळायची असं मात्र आजी कधीच म्हणाली नाही.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. शहरात ज्वारीची बिस्किटं महाग झाली. आजी असती तर हसली असती.

तिनं खडी टाकलेला पाझर तलाव अजून आहे. पोळ्यापर्यंत भरतो, संक्रांतीला कोरडा. निम्म्याहून जास्त गाळानं भरलाय. येत्या ग्रामसभेत कुणीतरी तो विषय काढा.