रविवारी न धावलेला धावपटू

पहिल्या महायुद्धातून बाहेर पडलेला युरोप जुन्या बंधनांना विटलेला होता. खंदकांमध्ये एक अख्खी पिढी कापली गेली होती आणि जे वाचले, त्यांतील अनेकांच्या मनातून वडीलधाऱ्यांच्या उपदेशावरचा विश्वास उडाला होता. नृत्यगृहे, जॅझ संगीत, चित्रपट, मोटारी यांनी शहरांचे जीवन बदलत चालले होते. कालपर्यंत निषिद्ध मानलेल्या गोष्टी आज सहज आणि उद्या आवश्यक वाटू लागल्या होत्या. रविवार हा उपासनेचा दिवस हळूहळू करमणुकीचा दिवस होऊ लागला होता. अशा काळात, १९२४ साली, पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरले आणि एरिक लिडल या बावीस वर्षांच्या स्कॉटिश विद्यार्थ्याच्या श्रद्धेची कसोटी लागली.

रविवारचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळ्या अंगाने परिचित आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. तो लढा श्रमिकाच्या विसाव्यासाठी होता. स्कॉटलंडमधील धर्मनिष्ठ घरांत मात्र रविवार म्हणजे बायबलमधील दहा आज्ञांपैकी एकीचे पालन होते. शब्बाथ पवित्र पाळावा, त्या दिवशी नित्याचे काम आणि खेळ बाजूस ठेवावेत, हा तेथील संस्कार होता. लिडल याच संस्कारात वाढला. त्याचा जन्म १९०२ साली चीनमधील टिएन्त्सिन येथे एका मिशनरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी तो इंग्लंडमधील वसतिगृहात राहिला व पुढे एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकू लागला.

खेळाडू म्हणून त्याची कीर्ती लवकरच पसरली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून तो रग्बी खेळला. १९२३ साली शंभर यार्डांची शर्यत त्याने ९.७ सेकंदांत जिंकली. त्याच उन्हाळ्यात एका शर्यतीच्या आरंभीच धक्का लागून तो पडला, इतर धावपटू बरेच पुढे निघून गेले. तरीही उठून त्याने ती शर्यत जिंकली. साहजिकच पॅरिसमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक तोच आणील, अशी ब्रिटनची अपेक्षा होती.

शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै रोजी, रविवारी होणार होत्या. पुढे १९८१ साली गाजलेल्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटात ही गोष्ट त्याला प्रवासास निघताना अकस्मात समजते असे दाखवले आहे. वस्तुतः वेळापत्रक कित्येक महिने आधीच ज्ञात होते. त्यामुळे त्याची परीक्षा अधिक कठीण ठरली. क्षणिक आवेशात नकार देणे एक वेळ सोपे असते. परंतु मन वळवणाऱ्यांना तोंड देत महिनोन्महिने त्याच नकारावर स्थिर राहणे अवघड असते. लिडलने कोणाशी वाद घातला नाही, रविवारी धावणाऱ्या सहकाऱ्यांना दोषही दिला नाही. शंभर मीटर आणि रिले या शर्यती त्याने सोडल्या आणि दोनशे व चारशे मीटरची तयारी केली. त्या रविवारी तो पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन देत होता. शंभर मीटरचे सुवर्णपदक त्याचाच देशबांधव हॅरॉल्ड अब्राहम्स याने मिळवले.

दोनशे मीटरमध्ये लिडलला कांस्यपदक मिळाले. ११ जुलै रोजी चारशे मीटरची अंतिम शर्यत झाली. त्याच्या वाट्याला सर्वांत बाहेरची मार्गिका आली होती. तेथून प्रतिस्पर्धी दिसत नाहीत, म्हणून वेगाचा अंदाज बांधता येत नाही. त्याने पहिल्या पावलापासूनच सर्व शक्ती पणाला लावली आणि ४७.६ सेकंदांत नवा ऑलिंपिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. हे पदक म्हणजे त्याच्या निष्ठेचे बक्षीस, असा सोपा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. परंतु नकार दिला तेव्हा त्याला असे कोणतेही आश्वासन नव्हते. चारशे मीटरमध्ये तो हरला असता, तरी त्या नकाराचे मोल तिळमात्र कमी झाले नसते.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १९२५ साली तो चीनला परतला आणि टिएन्त्सिनच्या एका महाविद्यालयात विज्ञान व खेळ शिकवू लागला. पुढे युद्धाने होरपळलेल्या ग्रामीण भागात त्याने सेवाकार्य केले. १९४१ साली गर्भवती पत्नीला व दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवले. त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलीचे मुख त्याला कधीच पाहता आले नाही. १९४३ साली जपानी सैन्याने त्याला इतर परदेशी नागरिकांसह वेइशियेन येथील छावणीत स्थानबद्ध केले. तेथे आईवडिलांपासून दुरावलेली अनेक शाळकरी मुले होती. लिडल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई. मुले त्याला 'अंकल एरिक' म्हणत.

आरंभी छावणीतही तो रविवारी खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी स्वतः लिडल पंच म्हणून मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकासाठी न मोडलेला नियम त्याने बंदिवासातील मुलांसाठी शिथिल केला. निष्ठा आणि हट्ट यांतील भेद या एका कृतीत स्पष्ट होतो. स्वतःच्या लाभासाठी त्याने तत्त्वाला मुरड घातली नाही. दुसऱ्याच्या भल्याचा प्रश्न आला तेव्हा त्या तत्त्वाच्या मुळाशी असलेले प्रेम त्याने ओळखले.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतील गाठीमुळे त्याच छावणीत त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

काळ बदलतो आणि त्याबरोबर बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागतात. त्यांतील कोणत्या सोडायच्या आणि कोणत्या राखायच्या, हा विवेक प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो. परप्रांतात मायबोलीची शाळा साठ वर्षे चालवणाऱ्या समाजाला हे निराळे सांगावयास नको. लिडलचा धर्म ज्यांचा नाही, त्यांनाही त्याच्या चरित्रातून एवढे घेता येईल: ज्याला आपले मूळ ठाऊक असते, त्याला प्रवाहाशी भांडावे लागत नाही आणि प्रवाहाबरोबर वाहतही जावे लागत नाही.